महारुद्रची अनुसया

देवगाव फाट्यावर एसटी थांबली, की महारुद्र दिसायच्या आधी ऐकू येतो. "या, थंडगार! आल्याचा, लिंबाचा, बर्फाचा, बिगर बर्फाचा!" खिडकीला डोकं टेकून झोपलेला माणूस दचकून जागा होतो आणि आपलं गाव आलं समजून पिशवी घेऊन उतरतो. उतरलाच हाय तर एक गिलास रस पिऊन जातो. महारुद्रची रसवंती अशी चालते.

माझं शिलाई मशीन बरोबर त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं. त्यामुळं या माणसाचं काहीच माझ्यापासून लपून राहिलेलं नाही. अंगानं दाराएवढा, मिशा अशा की लहान लेकरं त्याच्याकडं बघत रस पीत नाहीत, आईच्या पदराआड पितात. बाजाराच्या दिवशी दोन बैल एकमेकांना भिडले तर लोक महारुद्रला हाक मारतात. तो मधी जाऊन उभा राहतो, आणि बैल आपापल्या घरचे होतात.

असा हा गडी पालीला भ्यायचा.

नुसतं भ्यायचा म्हणजे काय, चरकाच्या खांबावर पाल दिसली की स्टुलावर चढायचा आणि तिथून बायकोला हाका मारायचा. सविता म्हणजे त्याच्या काखेत मावेल एवढी बाई. ती झाडू घेऊन यायची, पालीचा निकाल लावायची आणि जाताना म्हणायची, "उतरा आता. गिऱ्हाईक बघायलंय." पंक्चरवाला परमेश्वर तर मुद्दाम ट्यूबचा कापलेला तुकडा उसाच्या मोळीवर ठेवायचा आणि माझ्या दुकानात येऊन बसायचा, पुढचं बघायला.

या दोघांची एकुलती एक लेक ज्ञानेश्वरी. परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला होती. सगळ्या फाट्याला दम देणारा महारुद्र तिच्यापुढं मात्र शाळेतल्या पोरासारखा. ती म्हणाली बसा की बसायचा, ती म्हणाली तंबाखू टाका की टाकायचा. निदान ती परत जाईपर्यंत तरी.

तर ही ज्ञानेश्वरी एकदा थंडी सरताना घरी आली ती काचेची पेटी घेऊन. पेटीत ओला काथ्या, त्यावर कौलाचा तुकडा, आणि कौलाखाली वीतभर लांबीची एक पाल.

आपली भिंतीवरली पाल नव्हे. चीनकडच्या डोंगरांत गुहा असतात, तिथली जात. ही स्वतः मात्र पुण्यात एका हौशी माणसाच्या घरी अंड्यातून निघालेली होती. तिचे कागदबिगद रीतसर होते. ज्ञानेश्वरीच्या मैत्रिणीनं ती पाळली होती. मैत्रीण परदेशी चालली, तिनं हिच्या गळ्यात घातली. आता ज्ञानेश्वरीचं शिकाऊ डॉक्टर म्हणून गावोगाव फिरायचं काम सुरू झालं होतं. आज येलदरी, उद्या जिंतूर, परवा अजून कुठं. पेटी ठेवायची कुठं? तर घरी.

"मम्मी, हिला सांभाळशील का?" तिनं विचारलं.

सविता म्हणाली, "सांभाळीन की. बाहेर निघाली की झाडू हायच."

ज्ञानेश्वरी मग बापाकडं वळली. "पप्पा, मम्मी मारून टाकील. तुमीच बघा."

महारुद्र तेव्हा दारात उभा होता. दारात म्हणजे दाराच्या बाहेर. त्यानं घाम पुसला. "बेटा, मला दुकान असतंय."

"तिला रोज लागतच न्हाई काही. एक दिवसाआड किडे, आन् जागा ओली आन् गार ठेवायची. बस."

"किडे?"

"जिते."

तो नाही म्हणाला असता, पण त्या पोरीला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. पोर दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेली आणि पाल राहिली.

पहिल्या दिवशीची गंमत मला सविताबाईनं सांगितली. दिवे लागल्यावर महारुद्र स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन निघाला. चिमट्यात नाकतोडा. पेटीसमोर त्यानं स्टूल ठेवलं, स्टुलावर स्वतः उभा राहिला आणि तिथून वाकून, डोळे अर्धे मिटून, चिमटा खाली सोडला. कौलाखालून ती आली. काळंभोर जांभळट अंग, त्यावर नारिंगी पट्टे, काड्यांसारखे पाय, लालबुंद डोळे. मान वाकडी करून तिनं आधी नाकतोड्याकडं बघितलं, मग वर महारुद्रकडं. आणि सावकाश दोन्ही डोळे मिटले. मग उघडले.

सकाळी शटर वर करायच्या आधी तो माझ्याकडं आला. "टेलर, तिनं डोळे मिटले राव."

"बरं मग?"

"आरं, पाल डोळे मिटती का? भिंतीवरली कधी मिटती का? टकामका बघती, म्हणून तर भ्या वाटतं. हिला पापण्या हायत. माणसासारखं बघती आन् लाजून मिटती."

मला काही खरं वाटेना. संध्याकाळी माझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटजवळची पाल मी बराच वेळ बघत बसलो. गिऱ्हाइकाच्या पायजम्याची शिलाई वाकडी गेली, पण पालीनं काही डोळा मिटला नाही. महारुद्र म्हणत होता ते खरं होतं.

नावाचा घोळ तिथूनच सुरू झाला. त्या पुण्याच्या मैत्रिणीनं तिचं नाव ओनिक्स ठेवलं होतं. ज्ञानेश्वरीनं बापाला तीनतीनदा म्हणून दाखवलं. महारुद्रच्या जिभेवर ते काही बसेना. आनीक्स, अनुक्स असं करत करत आठवडाभरात ते अनुसया झालं आणि मग सुखानं बसलं.

खाण्याचा प्रश्न मोठा होता. उसाच्या चिपाडात नाकतोडे सापडायचे, पण ऊन वाढलं तसे ते कमी झाले. ज्ञानेश्वरी फोनवर म्हणाली, झुरळंही चालतात, पण औषध मारलेल्या घरातली नको. महारुद्रनं हे शब्दशः घेतलं. दुकानासमोरून जाणाऱ्या मास्तरीणबाईंना त्यानं त्याच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे पार पेट्रोल पंपापर्यंत जाईल अशा आवाजात, विचारलं, "वहिनी, तुमच्या घरी झुरळं हायती का? औषध न मारल्याली?"

त्या बाई पुढं महिनाभर फाट्यावरून डोक्यावर पदर घेऊन गेल्या. त्यांच्या घरात झुरळं होती का नव्हती हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, पण त्या दिवशी सगळ्या फाट्यानं त्यांच्या घराचा विचार केला.

असं चार-सहा ठिकाणी झाल्यावर महारुद्रनं लोकांना विचारायचं सोडलं आणि घरीच पैदास करायची ठरवली. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, एका प्लास्टिकच्या डब्यात रचले, वर जाळी लावली. कणीक, गाजराचा कीस, सगळं त्यांना वेळेवर. डबा त्यानं ठेवला रसवंतीच्या मागं, बर्फाच्या पेटीशेजारी.

सविताबाईनं तो डबा उघडला तेव्हा मी इकडं शर्टाला काजं करीत होतो. किंचाळी काही ऐकू आली नाही. तिचा आवाज खाली गेला की समजावं, प्रकरण गंभीर हाय. ती शांतपणे म्हणाली, "आवं, इकडं या. हे काय हाय?"

"तिचा डबा."

"लोकं कशाला येत्यात आपल्याकडं?"

"रस प्यायला."

"मग रसवंतीवाल्यानं झुरळं पाळलीत हे भायेर कळलं, तर कोन पिईल?"

महारुद्रनं यावर खरोखर विचार केला. मग म्हणाला, "मी सांगीन, पाळल्याली हायत. मोकळी न्हाईत."

डबा त्याच दिवशी शेतातल्या कोठ्यावर गेला. पण फाटा म्हणजे फाटा. परमेश्वर पंक्चरवाला पुढं कितीतरी दिवस गिलास उजेडात धरून, आत निरखून, मगच रस प्यायचा. त्याचे पैसे मात्र त्यानं कधी दिले नाहीत, म्हणून महारुद्रही काही बोलला नाही.

चैत्र लागला तसं ऊन चढायला लागलं. परभणीकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला नाही त्याला सांगून पटत नाही. गुहेतल्या त्या जीवाला मात्र सावली, ओल आणि गारवा लागायचा. ज्ञानेश्वरीनं पेटीत छोटा तापमापक चिकटवून दिला होता आणि बजावलं होतं, "पप्पा, तीसच्या वर जाऊ देऊ नका." महारुद्र दिवसातून कितीदा तरी दुकान सोडून घरात जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. काच तापायची. शेवटी त्यानं काचेची पेटी बाद केली. कुंभाराकडून रुंद तोंडाचा माठ आणला, त्यात ओली वाळू, काथ्या, कौल, तापमापक, सगळा संसार मांडला. वर झाकायला सविताबाईची पिठाची चाळणी. माझ्याकडून माठाला गोणपाटाची कुंची शिवून घेतली. मी आयुष्यात पुष्कळ मापं घेतली, पण पोट एवढं आणि कंबर अजिबात नाही असं माप पहिल्यांदा घेतलं. कुंचीवर दिवसभर पाणी मारायचं, समोर कूलर लावायचा. त्या कूलरसमोर आधी महारुद्र झोपायचा. आता तो बाहेर लिंबाखाली बाजेवर झोपायला लागला.

याच दिवसांत एकदा तो दुकानात उभा राहून लेकीशी फोनवर बोलत होता. आवाज तोच, पेट्रोल पंपापर्यंतचा. "अनुसयाला लय गरम व्हायलंय बेटा. काल जेवली न्हाई. मागची खोली तिला मोकळी करून दिली, कूलर तिलाच लावलाय. तुझ्या मम्मीला तर तिचं तोंड बघवंना. पन मी सोडनार न्हाई तिला, तू फिकीर करू नको."

बाकड्यावर पोखर्णीचे एक पाव्हणे रस पीत बसले होते. त्यांनी अर्धा गिलास तसाच ठेवला आणि निघाले.

पोखर्णीला महारुद्रची थोरली बहीण दिलेली. झुंबरबाई. महारुद्रला आवाज कुणाकडून आला हे तिला भेटलं की कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती फाट्यावर उतरली, आणि उतरली ती चप्पल हातात घेऊनच.

"कुठाय ती?"

महारुद्र चरकातून ऊस काढत होता. "कोन, अक्का?"

"अनुसया!"

त्याचा चेहरा उजळला. "तुला कुनी सांगितलं? हाय की आत. झोपलीया. दिवसा झोपती, दिवे लागले की उठती."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. रस्त्यावरची माणसं थांबली. मी मशीनवरून उठलो. परमेश्वरनं ट्रकचं चाक तसंच जॅकवर सोडलं.

"सविते, तू कशी गं गपगुमान बसलीस?" झुंबरबाई भावजयीवर घसरली.

"काय करू अक्का? बापलेकीनं मिळून आनली."

"लेकीनं? अगं माय माय माय! पोरीला शिकवून हे फळ मिळालं?"

"अक्का, हळू," महारुद्र म्हणाला. "लाजाळू हाय ती. चल, दाखवतो. पन चप्पल भायेर ठिव."

चप्पल काही तिनं ठेवली नाही. आत खोलीत कूलर भरभरत होता आणि समोर कुंची घातलेला माठ. झुंबरबाईनं खोलीभर नजर फिरवली, दारामागं बघितलं, बाजेखाली वाकून बघितलं. महारुद्रनं हलकेच चाळणी उचलली, कौल बाजूला केलं आणि म्हणाला, "ही बघ."

आम्ही सगळे दारात गर्दी करून होतो. झुंबरबाईनं वाकून आत बघितलं. मग झुंबरबाई जी किंचाळली! मागं सरताना ती परमेश्वरच्या पायावर उभी राहिली, तो वेगळा किंचाळला. आणि मग काय झालं तर ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसू थांबेना. चप्पल सुटली, पदर सुटला, डोळ्यांतून पाणी. सविताबाईनं पाणी दिलं तर ते नाकात गेलं.

"मुडद्या," ती भावाला म्हणाली, "मानसाचं नाव कामून ठिवलंस रे पालीला? रातभर डोळा लागला न्हाई मला. देवाला नवस बोलून आले."

"कोनता नवस?"

"ती बया मरू दे म्हनून."

महारुद्रचा चेहरा एवढा पडला की तिनं घाईघाईनं पोखर्णीच्या नरसिंहाला तिथूनच हात जोडले आणि नवस परत घेतला. मग पुढं सरकून जरा नीट बघितलं. "नटलीया मातर सवाशिनीसारखी," ती म्हणाली. दुपारच्या गाडीनं गेली तेव्हा रस्त्यावरून ओरडून सांगून गेली, कोथिंबिरीच्या वाफ्यात किडे लय असतात, पाठवून देते.

वैशाखात मात्र खरी परीक्षा आली. एका दुपारी फाट्यावरचा डीपी धडाम करून उडाला आणि वीज गेली. संध्याकाळी येईल म्हणाले, आली नाही. उद्या येईल म्हणाले, दुसरी दुपार झाली तरी नाहीच. कूलर बंद, पंखे बंद. माणसं ओले पंचे डोक्यावर घेऊन सावलीला पडली. महारुद्रनं बर्फाच्या पेटीकडं मोर्चा वळवला, पण बर्फ जवळ ठेवला की माठ एकदम थंड पडायचा आणि बर्फ वितळला की एकदम तापायचा. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, असा झटका तिला सोसणार नाही, सारखा गारवा पाहिजे, गुहेत असतो तसा.

"आता गुहा कुठून आनू?" तो म्हणाला.

मग त्याचं त्यालाच सुचलं. फाट्यामागं त्याचं वावर होतं, आणि वावरात आजाच्या वेळची दगडी विहीर. उतरायला पायऱ्या, आणि अर्ध्यावर एक ओटा. पूर्वी पाणी उपसायचं इंजन त्या ओट्यावर बसवायचे. आता मोटार आली, ओटा रिकामा. त्यानं माठ उचलून छातीशी धरला आणि भर उन्हात निघाला. मागून सविताबाई. "आवं, पायऱ्या निखळल्यात! तुमचं वजन काय, वय काय! पालीपायी जीव देता का?" तो ऐकत नव्हता. आम्ही वरून बघत होतो. ते भलं मोठं शरीर भिंतीला पाठ घासत, एकेक पायरी पायानं चाचपत, माठ लेकरासारखा कवटाळून खाली गेलं आणि ओट्यावर टेकलं.

थोड्या वेळानं खालून आवाज घुमला, "टेलर! तीसच्या खाली हाय! बेस हाय!"

खरी गोष्ट अशी, की विहिरीच्या कपाऱ्यांत आपल्या देशी पाली जागोजाग होत्या. त्याच्या डोक्यावर दोन, उजव्या हाताला एक. पण माठ एकटा सोडायचा तर कबुतरं, साप, कशाचा नेम नाही. म्हणून तो तिथंच बसून राहिला. पालींकडं बघायचा नाही, मान खाली घालून माठाकडंच बघायचा. दुकान तो खालूनच चालवायचा. सविताबाईला विहिरीतून हुकूम सुटायचे, "लिंबं संपली का बघ!" आणि ती वरून सांगायची, "तुमी वर या, मग बघते!"

तिसऱ्या दिवशीही वीज नव्हती. परमेश्वर त्याची टिंगल करायला म्हणून खाली उतरला आणि वर आलाच नाही. खाली एवढं गार होतं. मग मी गेलो. मग पानवाला गेला, पत्ते घेऊन. दुपारपर्यंत निम्मा फाटा विहिरीत. बस आली तर वर दुकानं उघडी आणि माणूस एक नाही. ओट्यावर जागा पुरेना तेव्हा पायऱ्यांवर बसलो. महारुद्र मधे माठ धरून, आणि कुणी मोठ्यानं हसलं की तोच, तो महारुद्र, ओठांवर बोट ठेवून म्हणायचा, "हळू. झोपलीया."

वीज आली तिसऱ्या प्रहरी. वर मोटारींचा घूं आवाज सुरू झाला. सगळे उठले, धूळ झटकली. महारुद्रनं माठ उचलला आणि पायऱ्या चढायला लागला. त्याच्या मागं मी. दोन-चार पायऱ्या राहिल्या असतील, तेवढ्यात कपारीतून पारवा फडफड करत त्याच्या तोंडासमोरून उडाला. महारुद्र दचकला, माठ कलंडला, चाळणी घरंगळत खाली पाण्यात गेली. आणि माठाच्या काठावर अनुसया. खाली सरळ पाणी. भिंतीवरल्या पालीसारखी चिकटून राहायची तिला सोय नाही, तिच्या पायांना नुसत्या नख्या.

ती घसरली.

आणि ज्या माणसानं आजवर चिमट्याशिवाय तिला स्पर्श केला नव्हता, त्यानं उघड्या हाताचा पंजा पुढं टाकला. माठ त्यानं दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. मूठ झाकली. तो तसाच भिंतीला टेकून उभा राहिला, डोळे गच्च मिटून.

"टेलर," तो म्हणाला, "हातात हाय का?"

मी बघितलं. मुठीतून तिचं तोंड बाहेर आलं होतं, लाल डोळे उघडे. "हाय."

"जिती?"

"जिती हाय. पण..."

त्याच्या बोटांमधून काहीतरी पायरीवर पडलं आणि वळवळायला लागलं. शेपूट. काळी-पांढरी, कडी-कडीची, तिची सगळ्यात देखणी वस्तू. एकटीच पायरीवर उड्या मारत होती.

तो वर आला, माठ लिंबाखाली ठेवला, तिला आत सोडलं आणि बांधावर बसला. मला वाटलं हाताला ते गिळगिळीत लागलं म्हणून तोंड फिरवून बसलाय. जवळ गेलो तर तो रडत होता. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघायचं म्हणजे कुठं बघावं तेच कळत नाही. परमेश्वरसारखा परमेश्वर, तोही टिंगल विसरला.

"मोडली मी तिला," महारुद्र म्हणाला. "निस्ती धरायची होती, मी आवळली."

मग ज्ञानेश्वरीला फोन. फोन लावायला त्याचा हात होईना, सविताबाईनं लावला. तिनंच सगळं सांगितलं आणि मग फोन त्याच्या कानाला धरला. आम्हाला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त याचं.

"व्हय... व्हय, माझ्याच हातून... पुन्हा येती?" तो उठून उभा राहिला. "शेपूट पुन्हा येती? खोटं बोलू नको बेटा, तू डॉक्टर हायस... खायला जास्त देऊ? किती जास्त?"

फोन ठेवून तो थेट वावरातल्या कोथिंबिरीच्या वाफ्याकडं गेला, तसाच, विहिरीच्या शेवाळ्यानं भरलेल्या धोतरानं.

त्या पावसाळ्यात अनुसयाचं जे कौतुक झालं तसं बाळंतिणीचंही होत नसेल. झुंबरबाई पोखर्णीहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डब्यात किडे पाठवायची, वर भोकं पाडून. एकदा डबा चुकून कंडक्टरनं उघडला, त्या गाडीला फाट्यावर यायला उशीर झाला. सविताबाई अजूनही म्हणायची की मला त्या पालीचं काही सोयरसुतक नाही. पण महारुद्र बाजारला गेला की माठावर पाणी कोण मारतं हे मला समोरून दिसत होतं. चिमटा तिनं नवा आणला आणि जुना अनुसयाला देऊन टाकला.

शेपूट आली. पहिल्यासारखी नाही. आखूड, गाजरासारखी फुगीर, अंगावर कड्या नाहीत, नुसते ठिपके. महारुद्रला ती पहिलीपेक्षा झ्याक वाटायची. गिऱ्हाइकांना फोनवर फोटो दाखवायचा. लोक रस पीत होते, म्हणून बिचारे छान म्हणायचे.

पोळ्याच्या सुमारास ज्ञानेश्वरी आली. तिचं गावोगाव फिरणं संपलं होतं. तिनं अनुसयाला तळहातावर घेतलं, शेपूट बघितली, पोट बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, ही जाड झाली."

"झटक्यानं खचली होती," महारुद्र म्हणाला. "ताकद भरून काढली."

त्या दिवशी तो लेकीला सांभाळायच्या सगळ्या गोष्टी समजावून सांगत होता. काथ्या कधी बदलायचा, ती कात टाकून स्वतःच खाते, तेव्हा घाबरायचं नाही, नाकतोड्याचे मागचे पाय मोडून द्यायचे. हे सगळं तिनंच त्याला शिकवलं होतं. ती हं हं करत ऐकत होती. मला वाटलं पाल न्यायला आली असेल. त्यालाही तेच वाटलं होतं, म्हणून तो एवढं बोलत होता.

शेवटी ती म्हणाली, "पप्पा, मी हिला न्यायला न्हाई आले. मला पुढं शिकायला नंबर लागलाय. लांब हाय, उत्तरेत. रेल्वेनं जायचं. दोन वर्षं."

सविताबाईला हे आधीच माहीत असावं. ती आत गेली. महारुद्र बाकड्यावर बसला. परभणी त्याला लांब वाटायचं, ती पहिल्यांदा वसतिगृहात गेली तेव्हा त्यानं आठवडाभर आरोळी दिली नव्हती. आता तो बोलेल, चिडेल, शेजाऱ्यांच्या पोरींच्या लग्नांचा विषय काढील, असं आम्हाला वाटलं. पोरगीही तयारीतच बसली होती.

पण त्यानं विचारलं, "तिथं उन्हाळा कसा असतोय?"

"आपल्यासारखाच. जरा जास्तच, म्हणत्यात. लू चालती, गरम वारं."

"आन् थंडी?"

"थंडी लय."

त्यानं मान हलवली. बसच्या टायमाला उठून गिऱ्हाईक बघितलं. दोन दिवस तो असाच होता, काही विचारलं तर हूं म्हणायचा. तिसऱ्या दिवशी सेलूला जाऊन कापड घेऊन आला आणि माझ्या मशीनवर ठेवलं. पांढरं, फिक्कट हिरवं, अगदी पातळ सुती.

"ज्ञानूचे ड्रेस शिव," तो म्हणाला. "माप हाय ना तुझ्याकडं?"

"हाय. पण आता पोरी अंगाबरोबर घालतात, महारुद्र."

"ढिले शिव," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडायला लागला. मधूनच थांबून, ट्रक थांबवून, ओरडला, "काखेत सैल ठिव! हवा खेळली पायजे!"